पिंकीला समजल्याशिवाय बाइंडिंग नाही

धरमपेठेत मुख्य रस्ता सोडून आत वळलं, की एका दाताच्या दवाखान्यामागे धम्मानंद सोमकुवरचं दुकान लागतं. बोर्डावर 'थीसिस टायपिंग व बाइंडिंग' एवढंच लिहिलेलं आहे, पण पीएचडी करणारी पोरं त्या दुकानाला 'पिंकीची परीक्षा' म्हणतात. गाइड पास करतो, कमिटी पास करते, उचलेगिरी पकडणारं ते सॉफ्टवेअरसुद्धा पास करतं, आणि पिंकी नापास करते. पोरं वैतागतात. वैतागू द्या.

होतं असं, की पाच-सहा वर्षं घासून झालेला एखादा जीव तीनशे पानांचा गठ्ठा छातीशी धरून दुकानात येतो आणि विचारतो, संध्याकाळपर्यंत मिळेल का. धम्मानंद गठ्ठा घेतो, कडा टेबलावर आपटून सरळ करतो आणि कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट दाखवतो. बसायचं, आणि यात काय केलं ते पिंकीला सांगायचं. पिंकी नऊ वर्षांपासून तिथं पुठ्ठ्यांवर रेक्झिन चिकटवते. दहावीला गणितात गेली ती पुन्हा बसलीच नाही. ती मान वर करत नाही, हूं की चूं करत नाही. तिच्या हातातला सरसाचा ब्रश चालतोय तोवर समजायचं, बाईला कळतंय. ब्रश थांबला, की मागं जायचं आणि तेच दुसऱ्या तऱ्हेनं सांगायचं. ती 'समजलं' म्हणाली, की मग धम्मानंद दाभण उचलतो. त्याआधी नाही. कोणी वरून फोन करवला तरी नाही.

किड्यांवर काम करणारा एक पोरगा चार दिवस नापास होत होता. पाचव्या दिवशी तो आगपेटीच्या काड्या आणि रबर घेऊन आला, त्यांचा एक मोठा थोरला पाय बनवला आणि तो किडा उडी कशी मारतो ते पिंकीच्या टेबलावर मारून दाखवलं. तोच पाय घेऊन पुढे तो कुठल्याशा मोठ्या परिषदेत गेला आणि पहिला आला. अर्थशास्त्राच्या एका पोरीनं आठवडी बाजारावरचा तिचा अख्खा तिसरा अध्याय चित्रांच्या पट्टीत काढून आणला, ती पट्टी अजून दुकानाच्या भिंतीवर आहे. एक वाणिज्यवाला मात्र तावातावानं उठून समोरच्या गल्लीतल्या बाइंडरकडे गेला. तो आता कुठंतरी प्राध्यापक आहे आणि स्वतःचे विद्यार्थी मुकाट्यानं इकडे पाठवतो.

पिंकीला वाटायचं, धम्मानंददादांची ही खोड विहारातली आहे. ते अर्धं खरं होतं. धम्मानंदचं बालपण प्रताप नगरच्या मागच्या वस्तीत गेलं. बाप देवराव एका छापखान्यात बाइंडर होता, आई तुळसाबाई घरी विड्या वळायची. वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन चालायचं. धम्मानंदचा आवाज खणखणीत, म्हणून बाराव्या वर्षीच त्याला वाचायला बसवलं. तो सुसाट वाचायचा आणि स्वतःवरच खूष असायचा. पुढच्या रांगेत बसलेली तुळसाबाई बोट वर करायची. थांब गा, म्हणायची, हे आता काय वाचलं ते तुझ्या तोंडानं सांग. त्याला सांगता यायचं नाही. सगळ्या विहारासमोर कान लाल व्हायचे. पण आईनं एकदाही सूट दिली नाही, आणि हळूहळू तो ओळ वाचायच्या आधी समजून घ्यायला लागला.

उरलेलं अर्धं पिंकीला माहीत नव्हतं, कारण ते धम्मानंदनं कोणालाच सांगितलं नव्हतं.

तेरा वर्षांपूर्वी एक संशोधक पोरगा वस्तीत आला होता. विडी वळणाऱ्या दोनशे बायांची फुफ्फुसं तपासायची होती. एका यंत्राच्या नळीत बाया जोर लावून फुंकायच्या, एकमेकींना हसायच्या. प्रत्येकीला नंबराचं एक कार्ड मिळालं. पुढं त्याच पोरानं थीसिस टाइप करायला धम्मानंदकडेच आणली. धम्मानंदनं बावीस पानांची कोष्टकं दोन दिवसांत टाइप केली, एक आकडा चुकला नाही, आणि त्याचा त्याला भारी अभिमान वाटला होता. चार वर्षांनी तुळसाबाई दमानं गेली. शेवटचे महिने तिला धड झोपताही येत नव्हतं, भिंतीला टेकून बसून राहायची. ती गेल्यावर तिचा ग्रंथ उघडला, तर पानांत खुणेला ते कार्ड घातलेलं. नंबर एकशे सतरा. धम्मानंद उठला, दुकानात गेला, थीसिसची जुनी प्रत काढली आणि मागची कोष्टकं उघडली. एकशे सतरा. वय एकसष्ट. फुफ्फुसाची ताकद सेहेचाळीस टक्के. शेवटच्या रकान्यात एकच शब्द होता, 'तीव्र'. तो त्यानं स्वतःच्या हातानं टाइप केला होता.

पोरगा वाईट नव्हता. नावं गुप्त ठेवायचा नियम होता, तो त्यानं इमानानं पाळला. पण निदान त्या बाईला तरी सांगायचं! आणि ज्यानं टाइप केलं त्यानं तरी वाचायचं! चार वर्षं होती. विड्या सुटल्या असत्या, डॉक्टरला दाखवलं असतं, आई वाचली असती की नाही कोण जाणे, पण तिचं तिला कळलं असतं. धम्मानंदला स्वतःची इतकी चीड आली की तो आठवडाभर मशीनला शिवला नाही. आठव्या दिवशी त्यानं जुन्या बाजारातून एक लाकडी स्टूल आणलं आणि कोपऱ्यात ठेवलं. पिंकी त्याच महिन्यात कामाला लागली.

तर अशा त्या दुकानात, धान पिवळं पडायच्या दिवसांत, एका मंगळवारी वैभवी ठवकर आली. पर्यावरणशास्त्राची पोरगी, पाच वर्षं राबलेली, डोळे खोल गेलेले. शुक्रवारी पाच वाजता तिची मुदत संपत होती. त्याच्या आत थीसिस जमा झाली नाही तर नोंदणी रद्द, पुन्हा सगळं पहिल्यापासून. तिला पिंकीच्या परीक्षेचं कोणीतरी सांगितलं होतं, तयारीनं आली होती बिचारी. स्टुलावर बसून तिनं घसा साफ केला आणि सुरू केलं, की सदर संशोधनात कुही तालुक्यातील भूजलातील फ्लोराइडच्या अवकाशीय वितरणाचा...

ब्रश थांबला.

वैभवीनं पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबला. चौथ्या वेळी ती वैतागून सरळ बोलायला लागली. म्हणाली, पाण्यात फ्लोराइड उतरतं, दगडातून. डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. थोडं असलं तर दातांना बरंच असतं. जास्त झालं की लहान पोरांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढं सांधे आखडतात. पिंकीचा ब्रश झरझर चालला होता. वैभवीला हुरूप आला. चाळीस बोरिंगांचं पाणी तिनं तपासलं होतं, त्यांतल्या सहांचं वाईट निघालं, आणि सगळ्यात वाईट केएच चौदा. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर नको, तिथं चार पूर्णांक एक.

ब्रश थांबला. पिंकीनं चक्क मान वर केली.

"केएच चौदा हे तर तुम्ही ठेवलेलं नाव झालं. गावातले लोक त्याले काय म्हणतात?"

वैभवीनं मागची पानं चाळली. तिथं अक्षांश होते, रेखांश होते, खोली फुटांत होती. गावाचं नाव सावळवाही. जागा, शाळेजवळ. पिंकीनं विचारलं, शाळेजवळ एकच बोरिंग आहे का. नाही, दोन होती, चाळीस पावलांच्या अंतरावर, चौदा आणि पंधरा. पंधराचं पाणी उत्तम होतं. मग त्यांतलं चौदा कोणतं, ते गावाला सांगितलं का? वैभवी म्हणाली, डिग्री झाली की तालुक्याला एक अहवाल पाठवायचा विचार आहे. नमुने कधी घेतले? तीन वर्षांपूर्वी.

धम्मानंदची सटकली. त्याचा आवाज एरवी चढत नाही, तेव्हाही चढला नाही, पण त्यानं तो गठ्ठा उचलला आणि पोरीच्या हातात परत दिला. उद्या सकाळी सावळवाहीला जाऊ, म्हणाला. वैभवीच्या डोळ्यांत पाणीच आलं. शुक्रवार तोंडावर आला आहे, तुम्ही माझ्या पाच वर्षांशी खेळताय, असं बरंच काही ती बोलली, आणि तिचं चुकीचं नव्हतं.

"शुक्रवारच्या आत बांधून देईन, हा माझा शब्द," धम्मानंद म्हणाला. "पण चौदा नंबर कोणाच्या दारात हाय हे तुलेच ठाऊक नसलं, तर त्याच्यावर सोनेरी अक्षरं मी नाई टाकणार."

ती तरातरा निघून समोरच्या गल्लीतल्या बाइंडरकडे गेली. तो भला माणूस गठ्ठ्याकडे न बघताच म्हणाला, दोन तासांत घेऊन जा, रंग कोणता टाकू? काळा की मरून? तिनं मरून सांगितला. मग तिथंच उभी राहिली. पाच वर्षांत तिला कोणी 'कोणतं बोरिंग' असं विचारलं नव्हतं, आणि आता एकीनं विचारलं तर उत्तर नव्हतं. तो प्रश्न काही तिचा पिच्छा सोडेना. तिनं गठ्ठा परत मागून घेतला. बुधवारी सकाळी धम्मानंद आणि पिंकी कुहीच्या बसजवळ पोचले, तर ती तिथं उभी होती, तोंड फुगवलेलं, पण आली होती.

सावळवाहीला शाळेच्या व्हरांड्यात शाळा समितीचे अध्यक्ष रुपराव यांनी पंचवीसेक माणसं गोळा केली. वैभवीनं लॅपटॉप उघडला. रंगीत नकाशे दाखवले, रेघा दाखवल्या. लोक फार सभ्यपणे ऐकत होते, म्हणजे काही ऐकत नव्हते. ती थांबल्यावर रुपराव म्हणाले, लई छान सांगितलं बाई तुम्ही, आता चहा घ्या. वैभवीचा चेहरा पडला. धम्मानंदनं जाऊन लॅपटॉपचं झाकण लावलं. त्यानं पिंकीला पुढच्या रांगेत बसवलं आणि वैभवीला म्हणाला, एवढ्या लोकांना नको सांगू, हिलेच सांग.

मग ती बोलली. दिसत नाही, चव लागत नाही, उकळलं तरी जात नाही, उलट वाढतं. लहान पोरांना आधी लागतं. आता माना हलायला लागल्या. एका म्हाताऱ्यानं गुडघ्याचं विचारलं, एकीनं म्हशीला चालेल का ते विचारलं. धम्मानंदला तिचा अभिमान वाटायला लागला होता. तिनं येतानाच नकाशावर आणि वहीत पाहून ठरवलं होतं, की चौदा म्हणजे फाटकाजवळचं शाळेचं बोरिंग आणि पंधरा म्हणजे पलीकडचं चिंचेखालचं. ती उठली, हात वर केला आणि सांगणारच होती, की शाळेचं बंद करा आणि सगळ्यांनी चिंचेखालचं प्या.

"थांबा," पिंकी म्हणाली.

तिचं लक्ष व्हरांड्याच्या पायरीवर बसलेल्या एका पोरीकडे होतं. पोरीचं नाव गुंजन. अंगणवाडीत मदतनीस असलेल्या शामलाची मुलगी, सहा-सात वर्षांची. सगळे हसले की तीही हसायची, पण तोंडावर हात धरून. पिंकीनं तिला जवळ घेतलं आणि शामलाला विचारलं, तुम्ही पाणी कुठलं भरता. शामला म्हणाली, आमचं घर चिंचेजवळ, आम्ही तिथलंच भरतो, पहिल्यापासून. पिंकीनं गुंजनला हात काढायला लावला. पोरीच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे होते.

"मग चिंचेखालचं पाणी चांगलं असलं," पिंकी म्हणाली, "तर हिचे दात काहून असे?"

वैभवी म्हणाली, ही शाळेतही पाणी पीत असेल. पण डाग पडायला वर्षं लागतात आणि पोर आत्ता कुठं शाळेत जायला लागली, हे कळून तिच्या आवाजातला जोर गेला होता. तेवढ्यात शामला बोलली. तिला तो दिवस चांगला आठवत होता, कारण गावात असं कोणी रोज येत नाही. ती म्हणाली, ताई, तुम्ही दोन्ही बाटल्या भरल्या आणि पिशवीत टाकल्या. ऊन फार होतं. मीच म्हटलं, आधी जेवून घ्या. तुम्ही जेवलात, आणि मग आमच्या ओसरीत बसून बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या.

वैभवीला आठवलं. भात होता, तुरीचं वरण होतं, आणि दोन सारख्या बाटल्या होत्या. आणखी एक वाक्य बोलली असती, तर अख्ख्या गावानं चांगलं पाणी सोडून वाईट धरलं असतं, आणि तेही शिकलेल्या बाईच्या सांगण्यावरून.

वैभवीनं सावरासावर केली नाही, हे तिचं मोठेपण. सगळ्यांसमोर सांगितलं, की मला खात्री नाही, उद्या नक्की सांगते, तोवर दोन्हींचं पिऊ नका. गावच्या टाकीचं तपासलेलं पाणी एक दिवसाआड यायचं, तेवढ्यावर भागवायचं रुपरावांनी कबूल केलं. मग तिनं पुन्हा बाटल्या भरल्या. या वेळी चिठ्ठ्या बोरिंगपाशीच लागल्या, आणि त्या शामलानं स्वतःच्या अक्षरांत लिहिल्या. एकीवर 'शाळेचं', दुसरीवर 'चिंचेखालचं'. शामलानं जेवायचा आग्रह केला तेव्हा वैभवी कसंनुसं हसली आणि म्हणाली, आज नको.

गुरुवारी तिनं प्रयोगशाळेत दोन्ही पाणी तीन-तीनदा तपासलं. शाळेचं शून्य पूर्णांक सहा. चिंचेखालचं चार पूर्णांक तीन. चिठ्ठ्या उलट्याच लागल्या होत्या.

दुपारी ती दुकानात आली आणि कोणी न सांगता स्टुलावर बसली. गाइड सरांना फोन केला होता. ते म्हणाले होते, चाळिसातली एक चूक आहे, उद्या जशी आहे तशी जमा कर, तोंडी परीक्षेनंतर दुरुस्त करू. आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. आता दुरुस्ती काढली आणि सरांनी नव्या पानांवर सही केली नाही, तर मुदत संपली, पाच वर्षं पाण्यात. धम्मानंदला बोलायला खूप होतं, पण तो पुठ्ठे मोजायला लागला. ही थीसिस त्याची नव्हती. पिंकीनं ब्रश सरसात बुडवला.

"बोल वं," ती म्हणाली. "मी तुझे सर हाय. सांग मले."

वैभवी बोलली. पहिल्या वेळी रडली. दुसऱ्या वेळी सबबी सांगितल्या, ऊन, भूक, जीपवाल्याची घाई, आणि ब्रश थांबला. पाचव्या वेळी तिनं तीन मिनिटांत सांगितलं. दोन बोरिंग, दोन बाटल्या, एक जेवण, उलट चिठ्ठ्या, आणि त्यामुळे गुंजन नावाची पोर माझ्या कोष्टकात चांगलं पाणी पिते आहे. पिंकी म्हणाली, "समजलं." वैभवी उठली ती सरळ गाइड सरांच्या घरी गेली.

तिनं सरांना नेमकं तेवढंच सांगितलं. सरांनी कोष्टकाचं पान मागून घेतलं. मग म्हणाले, नुसते आकडे बदलू नकोस, चूक कशी झाली आणि कोणी पकडली तेही लिही, शामलाबाईंचं नाव त्यांना विचारून घाल. शुक्रवारी सकाळी धम्मानंद स्वतः मशीनवर बसला. ती चूक कोष्टकात, नकाशात, सारांशात मिळून अकरा ठिकाणी होती. प्रत्येक ओळ तो मोठ्यानं वाचत होता आणि मगच टाइप करत होता. एक वाजता सरांच्या सह्या झाल्या, अडीचला शिलाई, साडेतीनला रेक्झिन, सव्वाचारला सोनेरी अक्षरं. पुठ्ठा अजून गरम होता तेव्हाच वैभवी रिक्षात बसली. पाचला दहा कमी असताना तिचा फोन आला, की झाली जमा. पिंकीनं सरस वाळायला लावलेला पंखा बंद केला आणि खुर्चीत मागं रेलली.

एवढ्यावर दुसरा कोणी थांबला असता. धम्मानंदनं शनिवारी लाल रेक्झिनचा एक चांगला रुंद तुकडा कापला, पितळी अक्षरांतली सगळ्यात मोठी काढली, मशीन तापवलं आणि सोनेरी पन्नीनं त्यावर छापलं, 'पिण्यासाठी नाही'. त्याखाली, 'धुणं-भांडी चालेल'. आणि अगदी खाली, थीसिसच्या पाठीवर असतं तशा बारीक अक्षरांत, वैभवीचं नाव. चुकलं तर कोणाला विचारायचं हे गावाला कळायला नको का?

रविवारी चिंचेखाली अख्खं गाव होतं. फोनवर निकाल गुरुवारीच कळला होता, पण वैभवीनं सगळं पुन्हा सांगितलं, तोंडी, हातवारे करून, लॅपटॉप नागपुरातच ठेवून आली होती. शाळेचं पाणी प्या, हे नको. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. शामला उभी राहिली. ती मघापासून गुंजनच्या डोक्यावर हात ठेवून होती.

"ताई, म्हणजे दोघांतलं एक वाईट हाय, हे तुम्हाले तीन वर्षांपासून माहीत होतं?"

धम्मानंदला तिथून पळून जावंसं वाटलं. हाच प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता, कारण विचारणारी भिंतीला टेकून बसली होती आणि मग गेली होती. त्यानं वैभवीकडे पाहिलं.

"हो," वैभवी म्हणाली. "माझ्या वहीत होतं. तेव्हाच यायला हवं होतं. मी आले नाही."

शामलानं तिला माफ केलं वगैरे काही म्हटलं नाही. कसं म्हणणार? ती चार पावलं पुढं आली, बोरिंगचा दांडा दोन्ही हातांनी खाली दाबून घट्ट धरला आणि पिंकीला म्हणाली, घ्या, शिवा हे. पिंकीनं लाल रेक्झिन दांड्याभोवती गुंडाळलं आणि दाभणानं, थीसिस शिवायच्या पक्क्या दोऱ्यानं, टाके घातले. रुपरावांनी तिथंच जाहीर केलं, की सोमवारी पंचायतीकडून चिंचेपासून शाळेच्या बोरिंगपर्यंत पक्की वाट टाकू. परत निघताना वैभवीनं उरलेल्या पाच वाईट बोरिंगांची यादी काढली. तीन गावं होती. तिनं वार ठरवले.

सोमवारी दुकान नेहमीसारखं उघडलं. एक इतिहासवाला अकराला येणार होता. त्याच्याआधी धम्मानंदनं वरच्या फळीवरून एक जुनी, कडा कुरतडलेली प्रत काढली, मागची कोष्टकं उघडली आणि पेनानं एकशे सतरा नंबरापुढे लिहिलं, 'तुळसाबाई देवराव सोमकुवर'. मग ती प्रत मांडीवर घेऊन तो स्टुलावर बसला. नऊ वर्षांत त्या स्टुलावर तो कधी बसला नव्हता. पिंकी पुठ्ठ्याला सरस लावत होती.

त्यानं साध्या शब्दांत सांगितलं. नळीत फुंकणाऱ्या बाया, कार्ड, बावीस पानं, एकही चूक नाही, चार वर्षं, आणि 'तीव्र'. कुठं अडखळला नाही. सांगून झालं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की ब्रश केव्हाचा थांबला आहे.

"काय समजलं नाई, पिंकी?" त्यानं विचारलं. "पुन्हा सांगतो."

"समजलं, दादा," पिंकी म्हणाली. ब्रश तिच्या हातात तसाच होता.